कंडोमचा आकडा कसा ठरवायचा? ५३ आवळतो, ‘लार्ज’ निसटतो

समांतर

पाकिटावर ५३ मिमी छापलेला कंडोम बुडाशी इतका आवळतो की काढल्यावर वळ दिसतो, आणि संभोगाच्या मध्येच ताठरता उतरायला लागते. ‘लार्ज’ लिहिलेला घेतला तर तो निसटतो. त्या पाकिटावर रुंदीचा आकडाच नाही, नुसतं ‘लार्ज’. तर प्रश्न असे:

५३ म्हणजे नेमकं कशाचं माप? घरच्या घरी मोजून त्यावरून योग्य आकडा काढता येतो का? आणि कोरडेपणा असेल तर खोबरेल चालतं की नाही? ‘बिनधास्त वापरा’ आणि ‘अजिबात नको’ अशी दोन्ही उत्तरं वाचायला मिळतात.

---

मापकाठी

५३ म्हणजे कंडोम उलगडून टेबलावर चपटा ठेवला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी. लिंगाची जाडी नव्हे, व्यासही नव्हे. ही रुंदी दुप्पट केली की न ताणलेल्या कंडोमचा घेर मिळतो, म्हणजे ५३ चा १०६ मिमी.

कंडोम अंगावर टिकतो तो थोडा ताणला जातो म्हणून. त्यामुळे त्याचा घेर तुमच्या घेरापेक्षा साधारण ५ ते १० टक्के कमी असावा. फरक त्याहून बराच जास्त झाला की आवळतो, आणि फरक उरलाच नाही की घसरतो. हिशेब सोपा आहे: ताठ लिंगाचा घेर मिमीमध्ये मोजा, निम्मा करा आणि त्यातून ३ ते ६ वजा करा. येईल तो तुमचा आकडा.

पडताळून बघा. २०१५ मध्ये जगभरातल्या मोजमापांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात ताठ अवस्थेतला सरासरी घेर ११.६६ सेंमी आणि लांबी १३.१२ सेंमी निघाली. घेराचं निम्मं ५८, त्यातून ३ ते ६ गेले की उरतात ५२ ते ५५. बाजारात ‘नेहमीचा’ म्हणून मिळणारा कंडोम ५२ ते ५४ चा असतो तो यामुळेच. पण सरासरी म्हणजे सगळे नव्हेत. ज्याचा घेर १०० आहे त्याला ४४ ते ४७ लागेल, ज्याचा १३० आहे त्याला साठीच्या आसपास. या दोघांनाही ५३ चाच कंडोम हातात मिळतो, आणि मग दोघेही म्हणतात की कंडोमच वाईट.

लांबीची काळजी सोडून द्या. लॅटेक्स (नैसर्गिक रबर) कंडोमच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ४०७४ मध्ये, किमान लांबी १६० मिमी धरली आहे आणि बहुतेक कंडोम त्याहून लांबच असतात. लांबी उरली तर ती बुडाशी गुंडाळी म्हणून राहते, त्याने काही बिघडत नाही. लोक मात्र हटकून लांबी मोजतात आणि घेर मोजायचा विसरतात.

मोजायचं असं: सेंटीमीटरभर रुंदीची साध्या कागदाची पट्टी घ्या. दोरा नको, तो ताणला जातो. सुताराची पत्र्याची टेप तर मुळीच नको. पूर्ण ताठरता असताना पट्टी लिंगाच्या मध्यावर गुंडाळा, दाबू नका, जिथे टोक टेकतं तिथे पेनाने खूण करा आणि पट्टी मोजपट्टीवर धरा. असंच बुडाशी आणि शिश्नमुंडाच्या (लिंगाच्या टोकाच्या फुगीर भागाच्या) लगेच खाली मोजा. ताठरता रोज सारखी नसते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून मोठं माप धरा. एक-दोन मिमीची चूक झाली तर घाबरू नका. घेरातले २ मिमी म्हणजे कंडोमच्या रुंदीतला १ मिमी.

‘लार्ज’, ‘किंग’, ‘स्नग’ या शब्दांना काही अर्थ नाही. एकाचा लार्ज ५६ असतो, दुसऱ्याचा फक्त लांबीला जास्त, तिसऱ्याचा टोकाशी फुगीर आणि बुडाशी तोच जुना ५३. आकडा छापलेला नसेल तर पाकीट परत ठेवा.

---

दुपारची_पाळी

माप बरोबर सांगितलंय, पण निसटतो म्हणजे सैलच आहे असं नाही. घालण्यातल्या चुकांनीही निसटतो, आणि त्या चुका माप बदलून जात नाहीत. म्हणून आधी हे तपासा.

मुदत बघा. मग न फोडता पाकीट चिमटीत दाबा, आत हवेची उशी लागली पाहिजे. लागली नाही तर पाकिटाला कुठेतरी बारीक भोक आहे, तो कंडोम टाकून द्या. कंडोम बोटाने एका बाजूला सरकवा आणि दुसऱ्या बाजूच्या दातेरी कडेने पाकीट फाडा. दात, कात्री, नख काहीही लावू नका.

आता गुंडाळीची दिशा. कडेची रिंग बाहेरच्या बाजूला दिसली पाहिजे, म्हणजे तो टोपीसारखा बसतो आणि सहज खाली उलगडतो. उलगडत नसेल तर तो उलटा आहे. इथे बहुतेक जण काय करतात? तोच फिरवून घालतात. तसं करू नका. उलट्या बाजूला लिंगाच्या टोकावरचा स्राव लागलेला असतो. त्या स्रावात शुक्राणू असू शकतात आणि संसर्ग तर असूच शकतो. नवा घ्या. म्हणूनच उशाशी दोन-तीन ठेवायचे.

अग्रत्वचा असेल तर ती मागे ओढा. कंडोमचं टोक अंगठा आणि तर्जनीत दाबून हवा काढा, आणि ते दाबलेलंच ठेवून दुसऱ्या हाताने अगदी बुडापर्यंत उलगडा. टोकाला वीर्यासाठी पिशवी नसेल तर सेंटीमीटरभर जागा आपण सोडायची. अर्ध्यावर थांबू नका. अर्धवट उलगडलेल्या कंडोमची जाड गुंडाळी मध्यावर राहते, तिथे ती रबरबँडसारखी आवळते आणि वर चढायला लागते. बऱ्याचदा ‘घट्ट आहे’ आणि ‘निसटतो’ या दोन्ही तक्रारी इथूनच येतात.

कुठलाही संपर्क होण्याआधी घालायचा, शेवटी-शेवटी नव्हे. वीर्यस्खलनानंतर ताठरता असतानाच, बुडाशी रिंग धरून बाहेर यायचं. ‘जरा पडून राहू’ म्हटलं की लिंग शिथिल होतं, कंडोम आत राहतो आणि वीर्य बाजूने गळतं. गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका. संडासात टाकला की पाइप तुंबतो. दुसऱ्या फेरीला नवा कंडोम, आणि गुदामैथुनानंतर योनीसंभोग करायचा असेल तरीही नवाच.

---

समांतर

धन्यवाद. मोजलं. मध्यावर १२३, बुडाशी १२६, टोकाखाली ११८. उलगडायचा मी बुडापर्यंतच. आतून ल्युबचे (वंगणाचे) एक-दोन थेंब टाकतो, ते चालतं ना?

---

मापकाठी

१२३ चं निम्मं ६१ आणि वर थोडं. तुमचा आकडा ५६ ते ५८. ५३ चा घेर १०६, म्हणजे तुमच्या अंगावर तो १६ टक्के ताणला जात होता आणि बुडाशी त्याहून जास्त. रिंगची कडा मुळातच जाड असते, म्हणून वळ तिथेच उठतो. तिथेच करकचून आवळलं की त्रास होतो, लक्ष तिकडे जातं आणि ताठरता उतरू शकते.

शेजारचे दोन आकडे घ्या, ५६ आणि ५८ (किंवा मिळेल तो ५७), आणि पहिल्यांदा एकट्याने हस्तमैथुनात वापरून बघा. नीट बसलेला कंडोम दांड्यावर सुरकुतत नाही, बुडाशी बोटांनी हलकेच ओढला तर जागचा हलत नाही. काढल्यावर फिकट रेघ दिसली आणि थोड्या वेळात गेली तर हरकत नाही. खोल वळ, बधिरपणा किंवा रंग जांभळट होणं म्हणजे अजून घट्ट आहे.

आतल्या ल्युबबद्दल: टोकात एक लहानसा थेंब, बस. तो दांड्यापर्यंत उतरला की कंडोमला पकडच राहत नाही. तुमचा ‘लार्ज’ यामुळेही निसटत असेल. बाहेरून मात्र सढळ हाताने लावा.

---

चीक

खोबरेलबद्दल दोन्ही उत्तरं वाचायला मिळतात कारण दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या पदार्थांबद्दल. कंडोम कशाचा आहे हे न सांगता तेलाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

लॅटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन (कृत्रिम रबर) या दोन्हींना तेल चालत नाही. खोबरेल, बेबी ऑइल, व्हॅसलीन, अंगाला लावायचं लोशन, मसाजचं तेल, स्वयंपाकाचं तूप-लोणी, सगळं वर्ज्य. तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि त्याची ताकद जाते. प्रयोगशाळेत खनिज तेलाशी मिनिटभर संपर्क आल्यावर लॅटेक्सची ताकद सुमारे ९० टक्क्यांनी घटलेली दिसली आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कंडोम तसाच गुळगुळीत वाटतो, हाच धोका. पॉलियुरेथेन आणि नायट्राइल यांच्या कंडोमना तेलाचा असा त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. योनीत घालायच्या बुरशीविरोधी गोळ्या आणि क्रीम (क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल) यांचा आधार बऱ्याचदा तेलकट असतो. उपचार चालू असताना आणि त्यानंतरचे काही दिवस लॅटेक्सवर विसंबू नका. औषधाच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं, वाचा.

ल्युब पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं घ्या, दोन्ही लॅटेक्सला चालतात. पाण्याचं लवकर सुकतं. सुकलं की नवं थापण्याआधी दोन थेंब पाणी लावून बघा, ते पुन्हा सरसरीत होतं. सिलिकॉनचं जास्त टिकतं, गुदामैथुनाला तेच बरं, कारण तिथे स्वतःचा ओलावा नसतो. थुंकी हे ल्युब नव्हे, मिनिटात सुकते.

नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक लावलेले कंडोम टाळा. ते आतल्या त्वचेला चिडवतं आणि वारंवार वापराने एचआयव्हीचा धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही असे कंडोम न वापरण्याचा सल्ला आहे. ‘जास्त वेळ टिकणारे’ म्हणून मिळणाऱ्या कंडोमच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असतं. तो उलटा घातला तर बधिर कोण होईल ते सांगायला नको. आणि बधिरपणात कंडोम सरकला किंवा फाटला तरी कळत नाही.

पातळ म्हणजे कमजोर का? नाही. नेहमीचा कंडोम ०.०६ ते ०.०७ मिमी जाडीचा असतो, पातळ ०.०४-०.०५ चा, आणि दोन्हींना त्याच चाचण्या पार कराव्या लागतात. त्यातल्या भोकाच्या चाचणीत नमुन्याच्या कंडोममध्ये ३०० मिली पाणी भरून गळती बघतात. फुगवण्याच्या चाचणीत मधल्या रुंदीच्या कंडोमने किमान १८ लिटर हवा झेलली पाहिजे. अठरा लिटर! तेव्हा ‘माझ्या मापाला पुरत नाही’ या सबबीला काही अर्थ नाही. पुरतो सगळ्यांनाच, नीट बसत नाही एवढंच.

---

अबोली

त्या ‘पुरत नाही’ वाल्यांसाठी आणि ज्यांना कुठलाच आकडा सुखाचा वाटत नाही त्यांच्यासाठी: स्त्रीने घालायचा कंडोम हाही पर्याय आहे. तो योनीत बसतो, लिंगाला आवळत नाही, म्हणून घेराचा प्रश्नच उरत नाही. बरेच नायट्राइलचे असतात. बंद टोकाची रिंग चिमटीत दाबून गर्भाशयमुखापर्यंत ढकलायची, बाहेरची रिंग बाहेरच राहू द्यायची. लिंग आत घालताना ते हाताने कंडोमच्या आतच जाईल असं बघा, बाजूने घुसलं तर काही उपयोग नाही. संभोगाच्या कितीतरी आधी घालून ठेवता येतो, त्यामुळे मध्येच थांबावं लागत नाही. दोघांनी एकाच वेळी दोन्ही प्रकार वापरू नका, एकमेकांना घासून निसटतात.

आणि कोरडेपणा. स्तनपान, रजोनिवृत्ती, काही गोळ्या यांनीही तो येतो. तेव्हा ‘तिला इच्छाच नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी ल्युबची बाटली उघडा.

---

रात्रपाठ

दोन कंडोम एकावर एक घातले तर जास्त सुरक्षित ना? इथे कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. आणि फाटलाच तर पुढे काय?

---

चीक

एकावर एक नको. रबरावर रबर घासतं आणि वरचा निसटण्याची शक्यता वाढते. एक, नीट मापाचा, भरपूर ल्युबसह.

फाटला तर कुठे फाटला ते बघून टाका, फाटण्याचं कारण तिथेच कळतं. टोक फुटलं असेल तर बहुधा हवा अडकली होती, किंवा टोकाशी जागा सोडली नव्हती, किंवा कंडोम पूर्ण उलगडला नव्हता आणि धक्क्यांनी पडदा टोकावर ताणत गेला. मध्यावर लांब चीर असेल तर कोरडेपणा किंवा तेल. बुडाशी बारीक फाट म्हणजे नख, अंगठी, दात. सगळीकडून चिवटपणा गेलेला, चिकट किंवा ठिसूळ लागत असेल तर साठवण चुकली: पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने घासलेला, गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला. मुदत पाच वर्षांपर्यंतची असू शकते, पण ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागेसाठी.

---

दुपारची_पाळी

फाटला किंवा आत राहिला तर आधी थांबा. आत राहिला असेल तर बोटाने काढा. तो पोटात हरवत नाही, गर्भाशयमुख बंद असतं. योनीत पाण्याचा फवारा मारू नका, त्याने गर्भधारणा टळत नाही आणि आतल्या त्वचेचं नुकसान होतं.

गर्भधारणेचा प्रश्न असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅची तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली. ‘अजून दोन दिवस आहेत’ म्हणून थांबू नका. वजन ७० किलोच्या वर असेल तर या गोळीचा भरवसा कमी होतो. युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर घटतो, डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पुढे तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करा.

एचआयव्हीची शंका असेल तर पीईपी (संपर्कानंतर संसर्ग टाळण्यासाठीचा औषधोपचार) ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. इथेही तासागणिक फरक पडतो, सकाळची वाट पाहू नका.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. दर वेळी आणि अचूक वापरला तर वर्षभरात १०० पैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भ राहतो, पण प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर सुमारे १३. मधला फरक बहुतांशी वर लिहिलेल्या चुकांचा आणि ‘आज राहू दे’चा. एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया यांना कंडोम चांगला अडवतो. जननांगांची नागीण (हर्पिस), एचपीव्ही (जननांगांवर चामखीळ आणणारा विषाणू), सिफिलिस हे कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरूनही लागतात, तिथे संरक्षण अर्धवटच.

---

समांतर

एक शेवटचं. ५७ नीट बसला, वळ नाही. पण घालायला थांबलं की ताठरता थोडी उतरते, ती अजूनही.

---

मापकाठी

ते मापाचं नाही, मधल्या थांबण्याचं आहे. पाकीट आधीच फाडून हाताशी ठेवा, कंडोमची दिशा आधीच बघून ठेवा. अंधारात चाचपडत बसू नका, मंद दिवा असू द्या. घालायचं काम जोडीदाराला करू द्या, स्पर्श तुटत नाही. अर्धवट ताठ असताना घालू नका, नीट उलगडत नाही आणि आत हवा राहते. थांबा, पूर्ण ताठ होऊ द्या. मध्येच उतरायला लागली तर रिंग धरून बाहेर या, आणि परत सुरू करताना नवा घ्या.

एकट्याने असताना आठवड्यातून एक-दोनदा कंडोम घालून हस्तमैथुन केलं की हात बसतो आणि त्याची जाणीवही सवयीची होते. पण कंडोमशिवाय, एकट्याने, सकाळीसुद्धा ताठरता कमी वाटत असेल तर प्रश्न कंडोमचा नाही. मग डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि चालू औषधं तपासून घ्या.